घडीचा वर्कबेंच घेताना आधी हलवून बघा, किलोचा आकडा नंतर वाचा

घरी लाकूडकाम सुरू करायचं म्हटलं की आपण सगळे आधी हत्यारं घेतो, करवत, ड्रिल, जिगसॉ, हौस असेल तर एखादा रंधा, आणि बेंचचं बघू नंतर म्हणतो. मग फळी धरायची कशावर? खुर्चीवर, स्टुलावर, नाहीतर जमिनीवर टाकून वर पाय ठेवून. हे दुखणं जुनंच आहे आणि घडीचा बेंच जन्माला आला तोच यातून. रॉन हिकमन नावाचा एक डिझायनर होता, लोटस कंपनीत गाड्या डिझाइन करायचा, लोटस एलान त्याचीच, तर १९६१ मध्ये तो घरी कपाट बनवत होता आणि आधाराला घेतलेली चांगली महागाची खुर्चीच लाकडाबरोबर कापली गेली. त्यानंतर त्याने जे बनवलं त्यातली खरी युक्ती ही की बेंचचा वरचा टॉपच दोन फळ्यांचा, आणि त्या दोन फळ्या जवळ आल्या की मध्ये लाकूड पकडलं जातं, म्हणजे टॉप हाच शिकंजा. कंपन्यांनी आधी नाही म्हटलं, त्याने मग स्वतःच विकायला सुरुवात केली, आणि १९७२ पासून ब्लॅक अँड डेकर तो वर्कमेट या नावाने बनवायला लागली. आजचे बरेचसे घडीचे बेंच याच कल्पनेवर चाललेत.

हे सगळं आधी सांगायचं कारण असं की बेंचचं काम काय हे नीट कळलं तर निवडणं निम्मं सोपं होतं. बेंचने वजन पेलायचं हे तर आहेच, पण घरच्या कामात मुळात वजन असतं किती, एक फळी, एक मशीन, आपले दोन हात. बेंचचं खरं काम म्हणजे लाकूड जागचं हलू न देणं, तेही आपण आडवा जोर लावत असताना. करवत पुढेमागे जाते, रंधा पुढे ढकलतो, सँडर म्हणजे लाकूड घासायचं मशीन थरथरतं, हे सगळे जोर आडवे आहेत, आणि खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला लोड कपॅसिटीचा आकडा असतो सरळ वरून खाली ठेवलेल्या वजनाचा. त्या आकड्यावरून बेंच डुगडुगेल का हे अजिबात कळत नाही.

मी माझा पहिला बेंच तो आकडा बघूनच घेतला होता. दिसायला चांगला, हलका, एका हातात उचलता यायचा. पहिल्याच दिवशी फळीची कड साफ करायला रंधा चालवला तर चौथ्या-पाचव्या हाताला बेंच फरशीवरून सरकत सरकत भिंतीला जाऊन टेकला, आणि भिंतीला टेकल्यावर तिरका व्हायला लागला. फळी घट्ट धरली होती, धरण्यात काही चूक नव्हती, फक्त फळीसकट बेंचच चालला होता. तो बेंच मी तीन महिने वापरला आणि त्या तीन महिन्यांत रंध्याचं काम जवळजवळ सोडून दिलं. खराब बेंच हत्यारापासून माणसाला लांब करतो, याचं मला आजही वाईट वाटतं.

एक साधा हिशोब सांगते, कागदावर करून बघा. बेंचचं वजन १२ किलो धरा, ज्या दिशेने ढकलतोय त्या दिशेत पायांमधलं अंतर ६० सेंटिमीटर, उंची ८० सेंटिमीटर. वरच्या कडेला किती जोर लावला की बेंच उलटायला लागेल? १२ गुणिले ३० भागिले ८०, म्हणजे फक्त साडेचार किलो. (३० कारण वजन मधोमध असतं, ६० चं निम्मं.) गुळगुळीत फरशी असेल तर उलटायच्या आधी घसरेलच. आता खालच्या आडव्या दांडीवर २० किलोची वाळूची पिशवी ठेवली तर तोच आकडा १२ किलोवर जातो. आणि ज्या बेंचला खाली पाय ठेवायची पायरी असते तिच्यावर तुम्ही एका पायाने ३० किलोचा भार दिला तर, तो भार समोरच्या पायांपासून पूर्ण ६० सेंटिमीटर लांब पडतो म्हणून, ३० गुणिले ६० भागिले ८०, साडेबावीस किलोची भर पडते. बेंचच्या स्वतःच्या वजनापेक्षा तुमच्या एका पायाचं काम कितीतरी जास्त. म्हणून हलका बेंच हवाच असेल, आणि घडीचा घेतोय म्हणजे हलका हवाच असतो, तर पायरी असलेला घ्या. पायरी नसेल तर निदान वजन ठेवता येईल अशी खालची दांडी किंवा ट्रे हवा. माझ्या दृष्टीने ही एक गोष्ट बाकी दहा फीचर्सपेक्षा मोठी आहे.

आणि जोर कुठल्या दिशेने लावायचा हेही ठरवून घ्या, ज्या दिशेला पाय जास्त फाकलेले आहेत त्या दिशेलाच ढकला, बेंच फिरवून उभा करायला काही लागत नाही.

लोड कपॅसिटीच्या आकड्याबद्दल अजून एक. वर्क्स कंपनीचा पेगासस नावाचा बेंच आहे, तो टेबलासारखा उघडला तर १३६ किलो पेलतो आणि पाट्या खाली पाडून घोडीसारखा, म्हणजे वर लाकूड टाकायचा नुसता आधार म्हणून वापरला तर ४५३ किलो. वस्तू एकच, आकडे दोन. जाहिरातीत मोठा आकडा वर असतो, त्यामुळे तो आकडा बेंचच्या कुठल्या रूपाचा आहे हे वाचायची सवय लावून घ्या. घरच्या कामाला दीडशे किलोच्या आसपासचं काहीही चालतं, त्याहून मोठ्या आकड्यामागे जाऊ नका.

दुकानात गेलात तर बेंच उघडा, सगळ्या खिट्या लॉक करा आणि टॉपची कड दोन्ही हातांनी धरून आधी लांबीच्या दिशेने हलवा, मग रुंदीच्या, मग कोपऱ्यातून तिरकं. थोडं हलणारच, घडीची वस्तू आहे, बिजागऱ्या आहेत. पण हलणं कुठून येतंय ते बघा, पाय वाकतायत, की बिजागरीच्या रिव्हेटला ढिलाई आहे, की टॉप खालच्या फ्रेमवर हलतोय. बोल्ट असतील तर ढिलाई नंतर आवळून कमी करता येते, रिव्हेट असेल तर जी ढिलाई आज आहे ती वाढतच जाणार, तिला उपाय नाही. नवीन बेंच दुकानातच कोपऱ्यातून कुरकुरत असेल तर सोडून द्या, मग तो कितीही देखणा असो.

जबडे म्हणजे लाकूड पकडणाऱ्या टॉपच्या त्या दोन फळ्या, त्यांची परीक्षा घ्यायची तर घरून तीन गोष्टी पिशवीत टाकून न्या. १८ मिलिमीटर प्लायचा हातभर तुकडा, एखादी गोल काठी किंवा पाइपचा तुकडा, आणि कागदाच्या दोन-तीन पट्ट्या. आधी जबडे रिकामे बंद करून कागदाच्या पट्ट्या डावीकडे, मध्ये, उजवीकडे अशा धरा आणि ओढून बघा. तिन्ही सारख्या घट्ट बसल्या तर जबडे समांतर आहेत. मधली सुटून येत असेल तर फळी वाकलेली आहे, आणि फक्त खालची कड आवळतेय, वर फट राहतेय असं असेल तर पातळ लाकूड त्यात कधीच नीट बसणार नाही. वरच्या कडा आधी टेकणं चांगलं, कारण लाकूड वरतीच धरलं जायला हवं. मग प्लायचा तुकडा एकाच टोकाला उभा धरा. अशा वेळी दुसरं टोक जास्त बंद होतं आणि जबडे तिरके होतात, दोन वेगवेगळी हँडल असलेल्या बेंचमध्ये हे सांभाळता येतं कारण प्रत्येक टोक स्वतंत्र फिरतं, निमुळतं लाकूडसुद्धा धरता येतं. एकच हँडल असेल तर त्याच जाडीचा दुसरा तुकडा रिकाम्या टोकाला घालून ठेवायचा, एवढं केलं की पकड एकदम बदलते. मी १८ आणि २५ मिलिमीटरचे असे तुकडे बेंचच्या पायालाच दोरीने बांधून ठेवलेत.

गोल काठी धरायला जबड्याच्या आतल्या कडेला इंग्रजी व्ही सारखी खाच हवी, उभी आणि आडवी दोन्ही असतील तर उत्तमच.

वरच्या भोकांत बसणाऱ्या खुंट्या बघा, कारण रुंद फळी जबड्यात मावत नाही तेव्हा ती टॉपवर आडवी ठेवून या खुंट्यांच्या मध्येच धरायची असते. बहुतेक खुंट्या प्लास्टिकच्या येतात, प्लास्टिकला माझा विरोध नाही, उलट लाकडावर वळ उठत नाहीत आणि चुकून पातं लागलं तर पात्याचं कमी नुकसान होतं. अडचण होते उंचीची. खुंटी दोन सेंटिमीटर वर येत असेल आणि फळी एक सेंटिमीटरचीच असेल तर रंधा खुंटीवरच आपटतो. पातळ फळ्यांचं काम जास्त असेल तर बुटक्या खुंट्या मिळतात का विचारा, नाहीतर कठीण लाकडाच्या स्वतः करा, त्यासाठी भोकाचं माप घ्या. बाजारात सुटे मिळणारे बेंच डॉग (या खुंट्यांचंच इंग्रजी नाव) साधारण १९ किंवा २० मिलिमीटरचे असतात, दोन्हीत फरक एकाच मिलिमीटरचा, पण २० चा डॉग १९ च्या भोकात जात नाही आणि १९ चा २० च्या भोकात डुलतो.

टॉप कशाचा आहे याला मी मध्यम महत्त्व देते. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड, सपाट असतो, जड असतो, पण पाण्याचा आणि दमट हवेचा वैरी, कडा फुगल्या की जबडे समांतर राहत नाहीत, तेव्हा घेतल्या घेतल्या कडांना आणि भोकांच्या आतून दोन हात पॉलिश नाहीतर वार्निश मारा. बांबूचा किंवा प्लायचा टॉप जास्त टिकतो. प्लास्टिकच्या टॉपला ओल लागत नाही आणि सांडलेला फेविकॉल वाळला की सोलून काढता येतो, पण तो गुळगुळीत असतो, लाकूड सरकतं, आणि त्याच्या खालच्या बाजूला मजबुतीसाठी आडव्याउभ्या पट्ट्या असतात त्यामुळे साधा एफ क्लॅम्प (इंग्रजी एफच्या आकाराचा सुटा शिकंजा) लावायला गेलं की क्लॅम्पचा खालचा पाय कुठेच सपाट बसत नाही. म्हणून बेंच बघताना हात खाली घालून कडेपासून चार-पाच सेंटिमीटर सपाट जागा आहे का चाचपून घ्या, ही गोष्ट फोटोत कधीच दिसत नाही.

उंचीचं बोलू. सरळ उभे राहा, हात सैल सोडा, मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. हाताने रंधा मारणं, पटाशी चालवणं यासाठी बेंच त्या मापाच्या आसपास हवा, किंचित खालीच, म्हणजे अंगाचं वजन वापरता येतं, नुसत्या खांद्याने ढकलावं लागत नाही. राऊटर (लाकडात खाचा पाडायचं मशीन), जिगसॉ, बारीक जोडकाम यांना थोडी जास्त उंची बरी, नाहीतर अर्ध्या तासात कंबर बोलायला लागते. आणि मोठी फळी हातकरवतीने कापायची असेल तर गुडघ्याएवढी उंची हवी, गुडघा फळीवर टेकवून कापता येतं. एका बेंचमध्ये हे तिन्ही मिळत नाही. पाय उघडमिट होऊन दोन उंच्या देणारे बेंच असतात, खालची साधारण ६० सेंटिमीटर आणि वरची ८० च्या जवळपास, उंच माणसाला ८० कमी पडतं. त्यांनी पायांखाली जाड लाकडाचे ठोकळे घालून उंची वाढवायचा मोह टाळा, ठोकळे सरकतात. त्यापेक्षा जबड्यात धरता येईल असा एक खोका बनवून टॉपवर बसवा आणि बारीक काम त्याच्यावर करा.

आता कुठला प्रकार कोणी घ्यावा. सगळं थोडं थोडं करणाऱ्याने, म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांनी, दोन फळ्यांच्या टॉपचा, दोन हँडलचा, पायरीवालाच घ्यावा, त्यात चुकायला वाव सगळ्यात कमी. ज्यांना मुख्यतः मोठे प्लाय कापायचेत त्यांना बेंचच नको, दोन घडीच्या घोड्या आणि त्यावर एक जुना जाड प्लाय, करवत खाली घुसली तरी वाईट वाटत नाही, आणि काम झालं की सगळं भिंतीला उभं. दरवाजा, चौकट, लांब पट्ट्या एकट्याने धरायच्या असतील तर पायाने दाबून आवळायचे तीन पायांचे बेंच येतात, ट्रायटनचा सुपरजॉज त्यातला ओळखीचा, दोन्ही हात लाकडाला मोकळे राहतात, जबडा ९० सेंटिमीटरच्या वर उघडतो, आणि तीन पाय असल्याने खडबडीत जमिनीवरही डुगडुगत नाही. मात्र त्याला टॉप असा नाहीच, छोटं काम मांडायला जागा नाही. भोकांच्या जाळीचा टॉप असलेली घडीची टेबलं हा अजून वेगळा प्रकार, फेस्टूलच्या एमएफटी ३ मध्ये २० मिलिमीटरची भोकं ९६ मिलिमीटरच्या अंतरावर आहेत, ट्रॅक सॉ (पट्टीवरून सरळ चालणारी करवत) वापरून काटकोनात अचूक कापायचं असेल तर त्याला तोड नाही, पण वजन २८ किलो, आणि जोरात रंधा मारायला ते बनवलेलंच नाही.

घडीच्या बाबतीत फक्त जाडी बघू नका. उघडायला किती वेळ लागतो ते स्वतः करून बघा, तीनदा उघडा, तीनदा मिटा. एका मिनिटाच्या वर गेलं आणि खाली वाकून चार खिट्या शोधाव्या लागल्या तर छोट्या कामासाठी तो बेंच निघणारच नाही, तुम्ही परत खुर्चीकडे जाल. मिटताना बोटं कुठे येतात ते बघा, पाय आणि फ्रेम यांच्या मधली कात्रीसारखी जागा फार वाईट, तिथे नख काळंनिळं झालेले लोक मी पाहिलेत. मिटल्यावर पाय आपोआप उघडू नयेत म्हणून पट्टा किंवा हुक हवा, घरात लहान मुलं असतील तर तो हवाच हवा. उचलताना मूठ वजनाच्या मधोमध आहे का बघा, १४ किलोचा बेंच मूठ बरोबर जागी असेल तर जिन्याने नेता येतो आणि १० किलोचा एका बाजूला झुकत असेल तर प्रत्येक पायरीला पोटरीवर आपटतो.

पायांखालचे रबर बूट ओढून बघा, सहज निघत असतील तर ते पहिल्या महिन्यात हरवणार.

ऑनलाइन मागवणार असाल तर हे सगळं घरी, परत करायची मुदत संपायच्या आत करा, आणि खोकं फाडू नका, नीट उघडा. बरेच बेंच सुट्या भागांत येतात. जोडताना सगळे नट आधी सैल लावा, बेंच सपाट फरशीवर उभा करा, चारही पाय टेकलेत याची खात्री करा आणि मगच आवळा. एकेक पूर्ण आवळत गेलं की फ्रेम पिळलेली बसते, मग एक पाय कायम हवेत, आणि माणूस कंपनीला दोष देतो. आठवडाभर वापरल्यावर परत एकदा सगळे नट बघा, थरथरीने ते ढिले होतातच, जिथे सारखे होतात तिथे आत नायलॉन असलेला लॉकनट बसवा.

सेकंडहँड मिळत असेल तर अजिबात नाक मुरडू नका, जुन्या बेंचची फ्रेम कधीकधी नव्यापेक्षा जाड असते. वरच्या फळ्या फुगल्या किंवा कापल्या गेल्या असतील तर चालेल, त्या नव्या बसवता येतात. पण स्क्रूचे आटे झिजलेत का ते बघाच, हँडल आवळून टॉपवर हाताने दोन-चार ठोसे द्या, पकड सुटली तर घेऊ नका. वाकलेला पायही नको, सरळ केला तरी तिथेच परत वाकतो.

मशीनचं एकच सांगते. मायटर सॉ (वरून खाली आणून कोनात कापणारी करवत) सारखं जड मशीन नुसतं टॉपवर ठेवून चालवू नका, ते बोल्टने बसवा, किंवा एका जाड प्लायवर बोल्ट करून प्लायच्या खाली एक दांडी ठोका आणि ती दांडी जबड्यात आवळा, म्हणजे काढता-घालता येतं. लांब लाकूड एका बाजूने बाहेर लोंबत असेल तर त्या टोकाला वेगळा आधार द्या. आणि कंपनीने तसं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर बेंचवर चढून उभे राहू नका, पंखा पुसायलासुद्धा नाही.

घरी आणल्यावर पहिलं काम, टॉपवर टाकायला एक फालतू प्लायचा तुकडा कापून ठेवा, ड्रिलने आरपार भोक पाडायचं असेल किंवा करवत खाली जाणार असेल तर आधी तो मध्ये घाला. जबड्याच्या लांब स्क्रूंवर भुसा साठतो, महिन्यातून एकदा ब्रशने झाडून मेणबत्ती घासा, तेल घालू नका, तेलाला भुसा चिकटून त्याची लापशी होते. आणि वरच्या फळ्या नव्या आहेत तोवर जाड कागद ठेवून सगळ्या भोकांच्या जागा पेन्सिलीने उतरवून घ्या, त्या कागदावर मापं लिहा आणि जपून ठेवा. दोन-तीन वर्षांनी फळी बदलायची वेळ आली की भोकं कुठे पाडायची हे त्या कागदावरूनच कळेल, जुन्या फळीच्या कडा तोवर झिजलेल्या असतात.